पन्ह्यातला दक्षिण ध्रुव

विषय मी निवडला तो निव्वळ भित्रेपणाने. रत्नागिरीत ज्या गोष्टीबद्दल कुणी मला एकही प्रश्न विचारू शकणार नाही, अशी गोष्ट कोणती, याचा मी बरेच दिवस विचार केला. आंबा, भात, गलबतं, देवधर्म, आजारपण, मुंबई, सगळं बाद. यांतल्या कशावरही समोर बसणाऱ्या बायका माझ्याहून जाणत्या होत्या. शेवटी मी दक्षिण ध्रुवाजवळच्या गोठलेल्या समुद्रावर येऊन थांबले. तिथे आमच्या ओळखीचं कुणी नोकरीला नव्हतं, तिथली कुणी सून आमच्या आळीत आलेली नव्हती. तिथल्या बर्फात काय राहतं याविषयी मी काहीही सांगितलं तरी बायका माना डोलावतील, मी नमस्कार करीन आणि खाली बसेन, असा माझा हिशेब होता.

बोलायची वेळ माझ्यावर का आली ते आधी सांगते. मी मॅट्रिक झाले ती मुंबईला मामांकडे राहून, इंग्रजी शाळेत. त्या शाळेत मी उत्तम शिकले ती एकच गोष्ट: शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचं. पुढच्या बाकांवर हुशार मुली, शेवटच्या बाकावर दंगेखोर. शेवटून दुसऱ्या बाकावरून शिक्षिकेची नजर जाते, पण तिथे थांबत नाही. सहा वर्षं मी तिथे सुखाने काढली. मॅट्रिकनंतर वर्षभर रत्नागिरीला घरी होते आणि मुंबईला कॉलेजात जाऊन शास्त्र शिकायचं एवढी एकच इच्छा मनात धरून होते. ती मी फक्त आईला सांगितली होती. आईने वडिलांना सांगितली.

वडील मांडवी बंदरावर कस्टमच्या कचेरीत होते. माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, ही त्यांची सवय घरातही चालू असे.

"शिकू नये असं माझं म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण तिथे तोंडी परीक्षा असतात म्हणतात. आणि आमची ही! मागच्या खेपेला बघायला आलेल्या मंडळींनी काय विचारून पाठवलं, आठवतं ना?"

आठवत होतं. मुलगी मुकी तर नाही ना, असं मध्यस्थाकडून विचारून पाठवलं होतं. त्यांनी मला स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, गाणं येतं का असे प्रश्न केले होते आणि मी दर वेळी चांगला विचार करून मान हलवली होती. आता खेडचं एक स्थळ आलं होतं. ती मंडळी जरा घाईत होती.

"वकीलवहिनींकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला दर वर्षी कुणीतरी शिकलेली मुलगी चार शब्द बोलते," वडील म्हणाले. "या वर्षी ही बोलू दे. चारचौघींत उभी राहून बोलली, तर कॉलेजात घालतो. नाही बोलली, तर खेडला होकार कळवतो. काय गो, कबूल?"

मी चांगला विचार करून मान हलवली.

त्या बर्फाची गोष्ट मला शाळेतल्या एका मिसने सांगितली होती. त्यांचा भाऊ देवमासे मारणाऱ्या जहाजावर डॉक्टर होता. जहाज दक्षिणेच्या समुद्रात बर्फ फोडत जाई, तेव्हा बर्फाच्या मोठमोठ्या ढेपा उलट्या होत, आणि वरून पांढऱ्याशुभ्र असलेल्या त्या ढेपा खालून चहासारख्या तपकिरी निघत. सगळ्यांना वाटे, चिखल लागला आहे. पण तिथे तळ कुठल्या कुठे खोल. चिखल येणार कुठून? डॉक्टरने त्यातला तुकडा बरणीत वितळवला आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तो जिवंत निघाला. मिस हे सांगत असताना मी शेवटून दुसऱ्या बाकावर माझ्या नकळत हात वर केला होता. सहा वर्षांत तो एकदाच. मिसने "काय?" म्हणून विचारलं तेव्हा मी घाबरून "काही नाही" म्हटलं आणि हात खाली घेतला. मला विचारायचं होतं की मला तो थेंब कुठे बघायला मिळेल.

बोलायचा सराव मी आंब्याच्या खोलीत केला. मागच्या अंगणाला लागून असलेल्या त्या खोलीत गवतावर हापूसची अढी घातलेली असे. दार लावून मी त्या आंब्यांपुढे उभी राहून बोलत असे. श्रोते म्हणून आंबे फार चांगले. सगळ्यांचे देठ एका बाजूला, कुणी कुजबुजत नाही, कुणी उठून जात नाही. अडचण एवढीच होती की मला जे ठाऊक होतं ते सगळं इंग्रजीत ठाऊक होतं. त्या बर्फातल्या जीवांना मराठीत काय म्हणायचं? 'सूक्ष्म वनस्पती' म्हटलं की काहीच दिसत नसे. त्यांचं इंग्रजी नाव म्हटलं, तर एखाद्या साहेबाची ओळख करून दिल्यासारखं वाटे. मी तो शब्द आयत्या वेळी सुचेल अशा भरवशावर सोडून दिला. पुढे सगळं जे झालं ते तो सुचला म्हणून.

इकडे वकीलकाकूंचा, म्हणजे वडिलांच्या वकीलवहिनींचा, वेगळाच बेत चालला होता. काकू हौशी. गेल्या वर्षी कुणाकडेतरी पन्ह्यात वाळा घातला होता, ते त्यांच्या मनात होतं. या वर्षी त्यांनी मुंबईहून आगबोटीने बर्फ मागवला. आठवडाभर गावात तीच चर्चा. काकूंकडे त्यांच्या यजमानांच्या विधवा आत्याबाई असत. त्यांचं सोवळं कडक. "कुठल्या पाण्याचा, कुणाच्या हातचा, देव जाणे," असं म्हणून त्यांनी बर्फाला विरोध केला होता. "पाणी गोठलं की त्याला कुणाचा हात लागणार आहे?" असं म्हणून काकूंनी तो मोडून काढला. घरात दोघींचं बोलणं बंद होतं.

बर्फ आला तो माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत बंदरावर उतरला. लाकडाच्या भुशात पुरून, वर गोणपाट शिवून पाठवलेला. पडावातून धक्क्यावर येईपर्यंत बराचसा वितळून त्याची धार लागली होती. "वकिलांनी ट्रंकेएवढा मागवला होता," वडील घरी येऊन म्हणाले, "आला तो पाटाएवढा." काकूंनी तो गोणपाटात घालून वरवंट्याने फोडला आणि स्वतःच्या हाताने धुतला. तरी भुसा तो भुसाच. बर्फाच्या भेगांत जाऊन बसलेला, तो काही सगळा निघाला नाही.

हळदीकुंकवाला काकूंचं माजघर आणि ओटी बायकांनी भरून गेली होती. चैत्रगौर पाळण्यात बसलेली, पुढे कलिंगडाची कमळं, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे. आत्याबाई रीतीप्रमाणे बाहेर न येता आतल्या खोलीच्या दाराआड बसल्या होत्या. त्यांचं फक्त पाऊल दिसत होतं. एरवी पन्हं भाषणानंतर देत. पण बर्फ तोवर कसला थांबतो? म्हणून काकूंनी ते आधीच वाटायला घेतलं, आणि बर्फ दिसावा म्हणून पितळी पेल्यांऐवजी काचेच्या पेल्यांतून. मी उभी राहिले तेव्हा प्रत्येकीच्या हातात पेला होता आणि त्यात बर्फाचा एक एक खडा. माझाही पेला शेजारच्या कोनाड्यात ठेवला होता.

आई पहिल्या रांगेत बसली होती आणि माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. ती बहुधा स्तोत्र म्हणत होती.

मी सुरुवात केली. आवाज मला स्वतःलाच ऐकू येत नव्हता. "मोठ्यानं गो!" मागून कुणीतरी म्हणालं. मी समोरच्या डोक्यांचे आंबे केले आणि पुन्हा सुरुवात केली. समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा मीठ बाहेर पडतं, सांगितलं. काही मीठ बर्फातच अडकतं आणि त्याच्या खारट पाण्याच्या बारीक बारीक नळ्या राहतात, तेही सांगितलं. जांभ्या दगडाला भोकं असतात तशी, हे मला उभ्या उभ्याच सुचलं, आणि दोन-तीन माना हलल्या. मग मी त्या शब्दापाशी आले आणि थांबले.

खूप वेळ थांबले. आईच्या ओठांचा वेग वाढला. तेवढ्यात काकूंची सून हळदकुंकू लावत माझ्यासमोरून गेली. तिच्या हातात कुंकवाचा चांदीचा करंडा होता. तिने झाकण बसवलं, टक्कन.

"करंडे," मी म्हटलं. "त्या नळ्यांमध्ये करंडे असतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान, काचेचे, वर झाकण बसवलेले. आणि आत कुंकवाऐवजी जीव."

मला अजून आठवतं, सगळ्या बायका एकदम पुढे सरकल्या. माझं कुणी इतकं कधी ऐकलं नव्हतं. मग माझं काय झालं ते मलाच कळलं नाही. मी बोलतच सुटले. सहा महिन्यांची रात्र ते अंधारात, बर्फात चिणलेले राहून काढतात, मरत नाहीत. जातीने वनस्पतीच, म्हणून उजेड आला की वाढतात, आणि बर्फ खालून तपकिरी होतो. अंगाभोवती बुळबुळीत चिकट काहीतरी सोडतात, त्यामुळे थंडीत निभावतात. बर्फ वितळला की तो बुळबुळीत थर पाण्यात उतरतो.

"होडीच्या बुडाला धरतं तसं," बंदराकडची एक बाई म्हणाली.

"अगदी तसं!" मी म्हटलं. मी! अगदी तसं म्हटलं!

"अगो, जरा थांब," दाराआडून आत्याबाईंचा आवाज आला. "हे करंडे जिवंत म्हणतेस?"

"हो."

"आणि बर्फात राहतात. गोठून मरत नाहीत."

"सगळेच नाही मरत."

"रंग तपकिरी."

"हो. चहासारखा."

त्यानंतर पेल्यांमधला बर्फ किणकिणलेला तेवढा ऐकू आला. जी ती आपापल्या पेल्यात बघत होती.

"माझ्यात आहे गो!" खांबाजवळची एक किंचाळली. "हे बघा, तपकिरी!"

"माझ्यात तर कितीतरी."

"हललं. माझ्यातलं हललं!"

"तुझा हात हलतोय मेले, ते कशाला हलेल?"

"बुळबुळीत लागतंच होतं मला मघापासून."

"तो गूळ आहे! गूळ विरघळला की तसाच लागतो!" काकू पन्ह्याचं भांडं हातात घेऊन ओटीवरून माजघरात आल्या. "आणि तो भुसा आहे, लाकडाचा भुसा. मी स्वतः धुतलाय बर्फ." मग माझ्याकडे वळून, "सांग गो यांना. हा आपला मुंबईचा बर्फ. यात कुठले आलेत तुझे करंडे? नाहीत ना?"

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. जन्मभर मी ज्या शब्दावर काम भागवलं तो शब्द. पण आयुष्यात पहिल्यांदा मला जाणकार म्हणून कुणी काही विचारलं होतं, आणि मिसने आमच्या डोक्यात पक्कं घातलं होतं की जे पाहिलं नाही ते ठामपणे सांगू नये.

"ते समुद्राच्या पाण्यात असतात," मी म्हटलं. "हा गोड्या पाण्याचा बर्फ. म्हणजे तेच असतील असं नाही."

"असं नाही म्हणजे?"

"दुसरे काही असतील. पाहिल्याशिवाय सांगता येत नाही."

"मी म्हटलंच होतं!" दाराआडून आवाज आला. आठवडाभराचा अबोला अशा रीतीने सुटला.

पेले खाली ठेवल्याचे आवाज सुरू झाले. आणि ज्या प्रश्नांना भिऊन मी दक्षिण ध्रुवापर्यंत पळाले होते, ते सगळे तिथेच उभे होते.

"माझा आज उपास आहे. मोडला का गो?"

"वनस्पती म्हणाली ना ती? मग चालतं."

"जिवंत म्हणाली. जिवंत ते वनस्पती कसं?"

"मग तुळस काय मेलेली असते?"

"वनस्पती तर वनस्पती, पण पालेभाजीच म्हणायची ना? उपासाला पालेभाजी कुठे चालते?"

"पोटात गेल्यावर झाकण उघडतं का त्यांचं?"

या प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर दिलं. गप्प राहण्यात जिने अर्धं आयुष्य घालवलं ती मी, घसा ताणून, एकीला सांगताना दुसरीला 'थांबा हं' असा हात करत, करंड्यांची बाजू मांडत होते. कुणाचं समाधान होत नव्हतं. जितकं सांगावं तितके पेले खाली जात होते. मधेच माझी नजर काकूंकडे गेली. त्या पन्ह्याचं भांडं दोन्ही हातांनी धरून नुसत्या उभ्या होत्या. भांड्यातला बर्फ विरघळत होता, आणि त्याच्याकडे बघत होत्या त्या एकट्याच.

मला फार वाईट वाटलं. काय करावं हे न कळून मी कोनाड्यातला माझा पेला उचलला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्याले. बर्फ दातांनी फोडून खाल्ला. मग मी आईचा पेला प्याले. मग आईशेजारच्या बाईंचा. मग खांबाजवळचा, ज्यात तपकिरी हललं होतं तोही. "बघा," मी म्हटलं, "काही होत नाही."

बायका माझ्याकडे एखादं व्रत चाललेलं बघावं तसं बघत राहिल्या.

"शिकलेल्या मुलींना चालतं," एक जण शेवटी म्हणाली, आणि सगळ्यांनी हरभरे तेवढे पदरात घेतले.

घरी येताना आई झपाझप पुढे चालत होती. जांभ्याच्या कुंपणाच्या गडग्यापाशी वळताना एकदाच म्हणाली, "'नाही' म्हटलं असतंस तर काय जीभ झडली असती?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आवाज नाही. बर्फ आणि आरडाओरडा यांनी मिळून माझा घसा पार बसला होता.

वडील ओटीवर वाट बघत होते. "काय गो, बोललीस?"

मी तोंड उघडलं. ओठ हलवले. आतून नुसती हवा आली.

वडिलांनी आईकडे पाहिलं. "जे झालं ते झालं," आई म्हणाली, "आता काही विचारू नका." आणि ती चूल पेटवायला गेली.

माल डोळ्यांनी पाहून शिक्का मारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याहून स्पष्ट उत्तर काय असणार? वडील थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. "असू दे," ते म्हणाले. "एकेकाचा स्वभाव असतो. खेडला उद्या कळवतो." मी दोन्ही हात हलवून काहीतरी खुणा केल्या. वडिलांना त्या नमस्कारासारख्या दिसल्या असाव्यात. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते आत गेले. मुकी आहे का, असं विचारणारी ती मंडळी मला त्या वेळी फार दूरदर्शी वाटली.

मला वाचवलं ते वकीलकाकूंनी, तेही माझं नाव बुडवायला आल्या होत्या म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील कचेरीला निघण्याच्या बेतात असतानाच त्या आल्या आणि ओटीवर बसायच्या आधीच सुरू झाल्या. मी दाराआड आत्याबाईंसारखी उभी होते.

"भावजी, तुमच्या मुलीने भर हळदीकुंकवात माझी शोभा केली. इतकं बोलली, इतकं बोलली!"

वडिलांचा टोपीकडे गेलेला हात थांबला. "बोलली?"

"बोलली म्हणजे? थांबतच नव्हती! बर्फात किडे असतात म्हणून सांगितलं साऱ्या गावाला."

"किडे नाही, करंडे," आई आतून म्हणाली.

"मोठ्याने बोलली की आपलं पुटपुटली?"

"मागच्या विहिरीवर ऐकू गेलं!"

"आणि कुणी काही विचारलं तर?"

"प्रत्येकीला उत्तर! विचारलं त्याच्या दुप्पट! मी 'नाही' म्हण म्हटलं, तर मलाच समजावते, पाहिल्याशिवाय सांगता येत नाही म्हणून!"

हे ऐकल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बंदरावर एक-दोनदा पाहिलं होतं. कागदावर लिहिलेला माल मोजणीत बरोबर उतरला की ते असे दिसत.

"पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, असं म्हणाली?"

"अगदी असंच."

"वहिनी, बसा," वडील म्हणाले. "चहा घ्या."

"चहा कसला? मी तक्रार करायला आल्ये."

"ती तर ऐकलीच. फार चांगली तक्रार आणलीत." वडिलांनी आत वळून हाक मारली, "अगो, चहा टाक. आणि मामांना कळव, मुलगी येतेय म्हणून. पावसाळ्याआधीची शेवटची बोट कधी आहे ते मी बघतो."

काकू ओटीवर बसल्या, पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. आपण कुणाच्या बाजूने साक्ष दिली हे त्यांच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला असावा. मग त्यांनी चहा घेतला, आणि जाताना दाराआड बघून म्हणाल्या, "बाहेर ये गो. आता कसली लाजतेस? काल लाजली असतीस तर काही उपयोग होता."

मी बाहेर आले आणि त्यांना वाकून नमस्कार केला. बोलता येतच नव्हतं.

कॉलेजात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसते. काही बदललेलं नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी दोनदा "मोठ्याने" म्हटलं. पण सूक्ष्मदर्शकाशी माझी पाळी आली की मी ती सोडत नाही. पहिल्याच टर्ममध्ये मी रस्त्यावरच्या गाडीवरून बर्फाचा एक खडा रुमालात घालून नेला, तो बशीत वितळू दिला आणि त्यातला थेंब काचेवर ठेवला. आधी भुशाचा एक तंतू दिसला, दोरखंडाएवढा. मी काकूंच्या वतीने सुटकेचा श्वास टाकला. मग त्या तंतूच्या आडून काहीतरी निघालं, लांबट, पारदर्शक, आणि सावकाश पलीकडे गेलं. त्याला काय म्हणतात ते मला अजून ठाऊक नाही. मी तास संपेपर्यंत डोळा काढला नाही.

पुढच्या चैत्रात घरी गेले तेव्हा काकूंकडे पन्हं पितळी पेल्यांतून होतं, बर्फाशिवाय, आणि त्यात वेलची. बायकांची गर्दी जरा पांगल्यावर काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. आत्याबाईंच्या दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"काय गो, पाहिलंस का मग? त्या यंत्रातून?"

"पाहिलं."

"काय होतं?"

"भुसा होता, काकू."

"मी सांगत होते!" त्यांनी मांडीवर थाप मारली. मग आणखी जवळ सरकून, "नुसता भुसाच ना?"

मी पेला तोंडाला लावला आणि सावकाश, एकही थेंब न ठेवता प्याले.

"पन्हं फार छान झालंय," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शिकलीस हो," त्या म्हणाल्या, आणि माझा पेला पुन्हा भरला.